हॉथॉर्नचं कुंपण: कात्री कधी चालवायची आणि कधी आवरायची

आमच्या गावाबाहेर, इंग्लंडच्या मध्य भागात, शेतांमधून एक अरुंद रस्ता जातो. दोन्ही बाजूंना हॉथॉर्न या काटेरी झाडाचं जिवंत कुंपण आहे. डाव्या हाताचं कुंपण दर सप्टेंबरात ट्रॅक्टरला जोडलेल्या यंत्राने छाटतात. ते छातीइतकं उंच आणि वरून पट्टीने आखल्यासारखं सपाट असतं. उजव्या हाताच्या कुंपणाला गेली तीन वर्षं कुणी हात लावलेला नाही. ऑक्टोबर संपता संपता ते फळांनी इतकं लाल होतं की ढगाळ दिवशीही लांबून नजरेत भरतं. मग एका सकाळी 'चॅक-चॅक' असा कोरडा आवाज करत थवा येतो. हे फील्डफेअर, आपल्याकडच्या कस्तुराचे भाऊबंद. सोबत जरा लहान चणीचे रेडविंग असतात. दोन्ही पक्षी स्कँडिनेव्हियाकडून उत्तर समुद्र ओलांडून आलेले आणि भुकेजलेले. सगळे उजवीकडे उतरतात. डावीकडे एकही जात नाही.

झाड तेच, माती तीच, ऊनही तेच. फरक पडतो तो कात्रीमुळे. इथे राहणारे मराठी मित्र घर घेतल्यावर विचारतात, मागच्या बागेला कुंपण कशाचं करू? मी हॉथॉर्न सुचवतो, आणि लावायचं कसं याआधी छाटायचं कधी ते सांगतो. लावणं फार सोपं आहे. चूक होते ती नंतर.

आधी झाडाची ओळख. हॉथॉर्न गुलाबाच्या कुळातलं, सफरचंद आणि पेअर यांच्या जवळच्या नात्यातलं. 'थॉर्न' म्हणजे काटा हे सगळ्यांना ठाऊक आहे. 'हॉ' या भागाचं मूळ जुन्या इंग्रजीत आहे, आणि त्याचा अर्थ कुंपण. म्हणजे नावातच 'कुंपणाचा काटा' आहे. फळांनाही 'हॉ'च म्हणतात. आकाराने मोठ्या वाटाण्याएवढी, गडद लाल, आत पिठूळ गर आणि टणक बी. ब्रिटनमध्ये सर्वत्र दिसणाऱ्या जातीचं शास्त्रीय नाव क्रॅटेगस मोनोगायना. 'मोनो' म्हणजे एक: फुलाच्या मध्यभागी स्त्रीकेसराची दांडी एकच, म्हणून फळात बीही एकच. जुन्या जंगलांच्या सावलीत तिची एक बहीण आढळते, मिडलंड हॉथॉर्न. तिच्या फुलात दोन किंवा तीन दांड्या असतात आणि फळात तितक्याच बिया. पानंही कमी कातरलेली असतात. फळ फोडून बिया मोजल्या की बहुतेक वेळा उलगडा होतो. दोघींचा संकर सहज होतो, त्यामुळे कधीकधी झाड आपल्याला चकवतं.

मोकळं वाढू दिलं तर हे झाड साधारण ५ ते १० मीटर उंच होतं आणि शेकडो वर्षं जगू शकतं. नॉरफकमधल्या हेथेल गावाजवळ एक म्हातारं हॉथॉर्न आहे. त्याचं वय ७०० वर्षांहून अधिक असल्याचं मानतात, आणि तेवढ्या एका झाडासाठी तिथे चिमुकलं राखीव क्षेत्र केलेलं आहे. आयर्लंडमध्ये माळावर एकट्या उभ्या हॉथॉर्नला लोक अजून हात लावत नाहीत. ते परीलोकाचं झाड समजतात. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात लाटून इथे नव्या रस्त्याच्या आड असं एक झाड आलं, लोकांनी आवाज उठवला, आणि झाड वाचवून रस्ता झाला. देवराईतलं लाकूड घरी न नेणाऱ्या आपल्या माणसांना ही भावना समजावून सांगावी लागणार नाही.

मात्र इंग्लंडच्या शेतांभोवतीची बरीचशी हॉथॉर्न अशी श्रद्धेतून आलेली नाहीत. सुमारे १७५० ते १८५० या काळात संसदेने कायद्यामागून कायदे करून गावोगावची सामाईक कुरणं, आपल्या भाषेत गायरानं, खासगी मालकीत वाटून टाकली. प्रत्येक नव्या तुकड्याला हद्द हवी होती. हॉथॉर्न भराभर वाढतं, फांद्या एकमेकींत गुंततात, आणि गुरं काट्यांतून घुसत नाहीत. म्हणून रोपवाटिकांनी लाखोंनी रोपं तयार केली आणि हजारो मैल कुंपणं उभी राहिली. ज्यांची एक गाय त्या गायरानावर चरायची, त्यांच्या वाट्याला या कुंपणाची बाहेरची बाजू आली. आज त्याच कुंपणात ब्लॅकबर्ड अंडी घालतो, त्याचा मला आनंद आहे, पण ही जुनी गोष्ट विसरून तो आनंद मला घेता येत नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या यंत्रांना मोठी शेतं हवी झाली. मग हीच कुंपणं मैलोन् मैल उपटली गेली, आणि त्यांत राहणारे पक्षी, किडे, उंदीरवर्गीय प्राणी बेघर झाले.

आता मुद्द्याची गोष्ट. हॉथॉर्नला यंदा फुटलेल्या कोवळ्या फांदीवर यंदा फुलं येत नाहीत. ती येतात गेल्या वर्षीच्या किंवा त्याहून जुन्या लाकडावर, आखूड उपफांद्यांच्या टोकांना. या वसंतात फुटलेली फांदी उन्हाळाभर वाढते, हिवाळ्यात निजते, आणि पुढच्या मे महिन्यात फुलते. फूल टिकलं तर शरदात फळ. एका फांदीला फळापर्यंत पोचायला दोन वाढीचे हंगाम लागतात.

एवढं लक्षात आलं की डावं कुंपण फळांविना का, ते कळतं. दर सप्टेंबरात यंत्र फिरलं की त्या वर्षीची सगळी वाढ जाते. पुढच्या वसंतात ज्यावर फुलं यायची तेच लाकूड उरत नाही. झाड पुन्हा नव्या फांद्या काढतं आणि सप्टेंबरात त्याही जातात. कुंपण हिरवंगार, दाट, निरोगी दिसतं आणि पाखरांना वर्षानुवर्षं उपाशी ठेवतं. माझ्या स्वतःच्या कुंपणाला मी सलग चार वर्षं हेच केलं. शेजाऱ्यांसारखं नीटनेटकं दिसावं म्हणून दर शरदात साफ छाटायचो आणि फुलं येत नाहीत म्हणून मातीला दोष द्यायचो. त्या चार हिवाळ्यांत माझ्या बागेवरून उडून गेलेल्या पाखरांची मला आजही हुरहुर वाटते.

फुलांविषयी थोडं थांबून सांगायला हवं. दक्षिण इंग्लंडमध्ये एप्रिलच्या अखेरीपासून, बाकी ठिकाणी मे महिन्यात हॉथॉर्न फुलतं. इतकं पांढरं, की कुंपणावर जणू कुणी रात्रीतून लाह्या उधळल्या असाव्यात. या बहराला लोक 'मे' असंच म्हणतात. एक जुनी म्हण आहे: मे बाहेर पडेपर्यंत अंगावरचं कापड उतरवू नका. त्यातला 'मे' म्हणजे महिना नसून हा फुलोरा, असं पुष्कळ जण मानतात. जुनी गाणी आणि चालीरीती १ मेला या फुलांच्या फांद्या आणायला सांगतात, पण आज त्या तारखेला बऱ्याच ठिकाणी झाड फुललेलंच नसतं. कारण १७५२ मध्ये ब्रिटनने पंचांग बदललं आणि ११ दिवस गाळले. जुना १ मे आजच्या हिशेबाने ११ दिवस उशिराचा होता. सण अलीकडे सरकला, झाड आपल्या वेळेवरच राहिलं.

या फुलांचा वास लांबून गोड, बदामासारखा वाटतो. जवळ गेलं की त्याखाली काहीतरी नासल्याची छटा लागते. हा भास नव्हे. फुलांत ट्रायमिथाइलअमाइन नावाचं रसायन असतं. शिळ्या मासळीला जो वास येतो तो याचाच, आणि मृत शरीर कुजू लागलं की तयार होणाऱ्या पहिल्या रसायनांतही ते असतं. हॉथॉर्नची फुलं घरात आणली तर मरण ओढवतं असा समज खेड्यांत होता, त्याचं मूळ बहुधा इथेच. झाडाला या वासाचा उपयोग आहे: मधमाश्यांबरोबर माश्या, चिलटं, भुंगेरे असे नाना तऱ्हेचे पाहुणे येतात आणि परागीभवन उरकतात. मे महिन्यातल्या उन्हाच्या दुपारी फुललेल्या कुंपणाला कान लावला तर आतून एकसंध गुणगुण ऐकू येते.

आणि पाहुणे फुलांवरच थांबत नाहीत. या एका झाडाशी ३००हून अधिक जातींच्या कीटकांचा संबंध सांगितला जातो. अनेक पतंगांच्या अळ्या त्याच्या पानांवर वाढतात. हॉथॉर्न शील्डबग नावाचा हिरवा-तांबूस, ढालीच्या आकाराचा ढेकूण फळांचा आणि पानांचा रस शोषतो. हेझल डॉरमाउस हा सोनेरी, झुपकेदार शेपटीचा इवलासा प्राणी हिवाळाभराच्या झोपेतून उठल्यावर ही फुलं खातो. ब्लू टिट आपल्या पिल्लांना अळ्या भरवतो. एका घरट्याला दिवसाला शेकड्यांनी लागतात. बागेतल्या पक्ष्यांसाठी दाण्याचं भांडं टांगणारे पुष्कळ आहेत, पण पिल्लं दाण्यांवर मोठी होत नाहीत. त्यांना अळी हवी आणि अळीला तिच्या ओळखीचं पान हवं.

'देशी झाड लावा' असं का म्हणतात, त्याचं उत्तर या ओळखीत आहे. प्रत्येक झाड पानांत काही ना काही कडू, तुरट, विषारी रसायनं भरतं, खाऊ पाहणाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी. ज्या किड्यांच्या हजारो पिढ्या त्या झाडाबरोबर गेल्या, त्यांनी ते विष पचवण्याची युक्ती साधलेली असते, आणि अंडी फुटण्याची वेळ पालवी फुटण्याशी जुळवलेली असते. परदेशातून आणलेलं झाड त्यांच्यासाठी बंद दुकान. इंग्लंडच्या बागांत चेरी लॉरेलचं चकचकीत सदाहरित कुंपण फार लोकप्रिय आहे. वर्षभर हिरवं राहतं, रस्त्यावरून घर दिसत नाही, पण त्याची पानं खाणारे इथे मोजकेच. उलट हेच इंग्लंडचं हॉथॉर्न ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये वसाहतवाल्यांनी नेलं, पक्ष्यांनी बिया पसरवल्या, आणि तिथे ते आज उपद्रवी तण ठरलं आहे. झाड चांगलं की वाईट, हे ते कुठे उभं आहे त्यावरून ठरतं.

याच कारणाने खरेदी करताना एक सावधगिरी. नर्सरीत 'पॉल्स स्कार्लेट' नावाचं लालभडक, भरगच्च पाकळ्यांचं हॉथॉर्न मिळतं. दिसतं सुरेख. पण दुहेरी फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे माश्यांना परागकण मिळत नाहीत आणि फळंही नावापुरती. पाखरांसाठी लावायचं असेल तर साधं, एकेरी, पांढऱ्या फुलांचंच घ्या. आणि रोप ब्रिटनमध्येच गोळा केलेल्या बियांपासून, ब्रिटनमध्येच वाढवलेलं आहे ना, ते विचारा. फायर ब्लाइट नावाचा जिवाणूजन्य रोग सफरचंद, पेअर आणि हॉथॉर्न तिघांनाही होतो, फांद्या आगीने होरपळल्यासारख्या काळ्या पडतात. १९५७ मध्ये तो या देशात पहिल्यांदा आढळला. रोपं जितकी कमी फिरतील तितकं बरं.

लावणीचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. या दिवसांत झाड झोपेत असतं, म्हणून कुंडीशिवाय, उघड्या मुळांची, हातभर लांबीची काडीसारखी रोपं मिळतात. ती कुंडीतल्या रोपांपेक्षा कितीतरी स्वस्त आणि रुजायलाही चांगली. हातात आल्यावर मुळं वाऱ्यावर सुकू देऊ नका, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. गोठलेल्या किंवा पाण्याने चिप्प झालेल्या जमिनीत लावू नका. कुंपणासाठी एका मीटरला पाच रोपं, दोन ओळींत, एका ओळीतलं रोप दुसऱ्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधल्या जागेसमोर येईल अशी, दोन ओळींमध्ये साधारण ३० ते ४० सेंटिमीटर अंतर. लावून झाल्यावर जे करायचं ते जिवावर येतं: रोप निम्म्याहून खाली कापायचं. न कापलं तर ते सरळ वर धावतं आणि बुडाशी विरळ राहतं; कापलं की जमिनीलगत फांद्या फुटतात, आणि जमिनीलगतचा दाटपणा हाच कुंपणाचा जीव. पहिल्या दोन-तीन वर्षांत बुडाशी गवत वाढू देऊ नका आणि पहिल्या उन्हाळ्यात पाणी द्या. सशांचा त्रास असेल तर खोडाला आवरण लागेल. चिकणमाती, वारा, शहराचा धूर हे सगळं हॉथॉर्न सोसतं. सावलीतही जगतं, पण फुलं भरपूर हवीत तर ऊन हवं. पाणी तुंबणारी जागा मात्र टाळा.

बाग लहान असेल तर कुंपण कशाला, एकच झाड लावा. त्याला छाटण्याची गरजच जवळजवळ नसते.

कुंपण असेल तर सूत्र असं: त्याचे मनातल्या मनात तीन भाग करा आणि दर वर्षी एकच भाग छाटा. म्हणजे कोणत्याही शरदात दोन भागांवर फळं असतील. छाटणीची वेळ जानेवारीची अखेर ते फेब्रुवारी. तोवर पाखरांनी फळं संपवलेली असतात आणि घरटी सुरू व्हायची असतात. मार्च ते ऑगस्ट कात्री खुंटीला टांगायची. ब्रिटनच्या १९८१च्या वन्यजीव कायद्याने वापरात असलेलं घरटं जाणूनबुजून मोडणं हा गुन्हा आहे, तुमच्या बागेतसुद्धा. शेतांवरच्या कुंपणांसाठी इंग्लंडने २०२४ मध्ये नियम केला की काही अपवाद सोडता १ मार्च ते ३१ ऑगस्ट छाटणी बंद. बागेला तो नियम लागू नाही, पण ब्लॅकबर्डला शेत आणि बाग यांतला फरक कळत नाही.

कुंपण म्हातारं होऊन बुडाशी उघडं पडलं, तर इथे एक जुनं कसब आहे. हिवाळ्यात प्रत्येक खोड बुंध्याजवळ तिरकं, जवळजवळ आरपार कापतात. साल आणि लाकडाची पातळ पट्टी तेवढी शिल्लक ठेवतात. मग खोड तिरपं आडवं निजवतात आणि उभ्या खुंट्यांमध्ये विणतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, झाड मारताहेत. पण त्या पट्टीतून रस वाहत राहतो, आणि वसंतात कापलेल्या बुडख्यातून सरळ नवे कोंब येतात. पन्नास वर्षांचं कुंपण पुन्हा तरुण होतं.

बियांपासून वाढवायची हौस असेल तर धीर हवा. ऑक्टोबरात फळं चुरगळून गर काढा, बिया ओल्या वाळूत मिसळून भांडं बाहेर थंडीपावसात ठेवा, आणि विसरून जा. बीचं कवच टणक आणि आतला गर्भही झोपलेला. एक उब आणि मग एक कडक थंडी मिळाल्याशिवाय तो उठत नाही. बहुतेक बिया दुसऱ्या वसंतात, म्हणजे सुमारे दीड वर्षाने उगवतात. पहिल्या वसंतात काही उगवलं नाही म्हणून भांडं ओतून टाकणारे पुष्कळ.

कोवळी पालवी इथली खेड्यातली मुलं चालता चालता तोडून खात, तिला 'ब्रेड अँड चीज' म्हणत. आपण चिंचेचा कोवळा पाला खातो तसं. फळांची जेली होते. बी चावू नका, त्यात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. हृदयासाठी हॉथॉर्नच्या गोळ्या विकल्या जातात, पण हृदयाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना शिवू नये.

आता पुण्या-साताऱ्याचे वाचक विचारतील, आम्ही हे लावावं का? नको. बी आणि झाड दोघांनाही खरी थंडी लागते. हॉथॉर्नचे भारतीय नातलग काश्मीर-हिमाचलच्या डोंगरांत आहेत, आणि उत्तराखंडातला घिंगारू, ज्याची गणना पूर्वी हॉथॉर्नमध्येच व्हायची. सह्याद्रीत या झाडाची जागा आपल्या करवंदीच्या जाळीने आणि बोरीने केव्हाच घेतलेली आहे. मागच्या वर्षी आई इथे आली होती. हॉथॉर्नच्या कुंपणापाशी उभं राहून, काट्यात हात न अडकवता तिने अलगद एक फळ तोडलं आणि म्हणाली, "ही तुमची इंग्रजांची बोरच की रे." ती वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही. पण काटा, दाट जाळी, लहान आंबटगोड फळ आणि आत लपलेली पाखरं हा मेळ तिने लहानपणापासून पाहिलेला आहे.

इंग्रजांनाही तो दिसला होता. मिठावरचा कर चुकवून कुणी मीठ नेऊ नये म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यांनी उत्तर आणि मध्य भारतातून शेकडो मैल जिवंत काटेरी कुंपण वाढवलं. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम त्या खात्याचे प्रमुख असताना या कामाला जोर आला. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग, जे ज्या मातीत येईल ते लावलं. गरिबाच्या तोंडचं मीठ अडवणारं ते कुंपण १८७९ मध्ये सोडून दिलं गेलं. त्यांच्या देशातल्या हॉथॉर्नचं काम भारतात कोणती झाडं करतील, हे मात्र त्यांनी अचूक ओळखलं होतं.

बोर लावणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण हॉथॉर्नचा नियम तिथे उलटा होतो. बोरीला फुलं येतात ती त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर. म्हणून सोलापूर-नगरकडचे बागायतदार एप्रिल-मे महिन्यांत, झाड विश्रांतीत असताना, जोरकस छाटणी करतात आणि पावसाळ्यात फुटलेल्या फांद्यांवर बहर धरतात. तीच छाटणी सप्टेंबरात केली तर हिवाळ्यात बोरं मिळणार नाहीत, तुम्हालाही आणि बुलबुलांनाही.

माझ्या बागेतलं कुंपण आता अकरा वर्षांचं आहे. या फेब्रुवारीत मधल्या भागाची पाळी आहे. डावा भाग पुढच्या वर्षी, उजवा त्याच्या पुढच्या. रस्त्याकडून पाहिलं तर ते तीन उंचींचं, खांदे पडल्यासारखं दिसतं. काल सकाळी त्याच्या सर्वांत उंच भागावर रेडविंग बसले होते. मी सात मोजले.